जुन्या डेस्कटॉपमध्ये नवीन पार्ट टाकला आणि पीसी चालूच होईना, तर काय काय बघायचं

घरचा जुना डेस्कटॉप भंगारात द्यायचा नाही, थोडा खर्च करून अजून तीनचार वर्षं चालवायचा असं ठरतं, मग रॅम येते, एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी लागणारी, आत काही न हलणारी डिस्क) येते, मुलगा मागे लागला तर ग्राफिक कार्ड येतं, आणि रविवारी सकाळी कॅबिनेट उघडून सगळं लावून बटण दाबलं की पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच. पहिला संशय दुकानदारावर, की डुप्लिकेट माल दिला. मी गेली काही वर्षं स्वतःचा आणि नात्यातल्या, शेजारच्यांचा मिळून बऱ्यापैकी जुन्या पीसींवर हे काम केलंय आणि नवीन पार्ट खरोखर मेलेला निघाला असं फार कमी वेळा झालं, बहुतेक वेळा लोचा कॉन्टॅक्टचा, पॉवरचा नाहीतर बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डातलं छोटं सॉफ्टवेअर) एखाद्या सेटिंगचा असतो. आणि तो सापडायला वेळ लागतो कारण आपण एकाच वेळी तीन गोष्टी बदललेल्या असतात.

म्हणून पहिला नियम हाच, आणि हा मी खूप कळकळीने सांगतोय, एका वेळी एकच पार्ट बदला. रॅम लावली, पीसी चालू केला, दोन दिवस वापरला, मगच एसएसडी. सगळं सामान एकदम आलं असलं तरी.

उदाहरण म्हणून आमच्या घरचाच पीसी घेतो, कारण त्या काळातले कितीतरी पीसी साधारण असेच आहेत. २०१२ ला घेतलेला, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड म्हणतो), इंटेल आय३ २१०० प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा). आज त्याच बोर्डावर आय५ ३४७०, १६ जीबी रॅम आणि एसएसडी आहे आणि मुलांचा अभ्यास, बायकोच्या क्लासच्या प्रश्नपत्रिका, टॅली, सगळं त्यावर नीट चालतं. पण इथपर्यंत येताना प्रत्येक टप्प्यावर कुठेतरी अडकलोच.

उघडायच्या आधी

चालू स्थितीतला पीसी हा सगळ्यात मोठा पुरावा असतो, तो आधी नोंदवून ठेवा. सीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बोर्डाचं मॉडेल, बायोसचं व्हर्जन, रॅम कुठल्या स्लॉटमध्ये किती आणि कुठल्या स्पीडची ते सगळं दिसतं, त्याचे फोटो काढा. मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा (बहुतेक बोर्डांवर डिलीट किंवा एफ२) आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, खास करून साटा मोड (डिस्क बोर्डाशी कुठल्या पद्धतीने बोलते ते) आणि बूट ऑर्डरचा. हा साटा मोडचा फोटो पुढे तुमचा अख्खा दिवस वाचवू शकतो, ते खाली सांगतो. कॅबिनेट उघडल्यावर आतल्या वायरींचा पण फोटो घ्या, पॉवर बटणाच्या त्या बारीक बारीक पिना एकदा निघाल्या की कुठली कुठे होती ते आठवत नाही.

डेटाचा बॅकअप हे वेगळं सांगायला नको पण सांगतोच. आठदहा वर्षं जुनी हार्डडिस्क असेल तर क्रिस्टल डिस्क इन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघा, रीॲलोकेटेड सेक्टर किंवा पेंडिंग सेक्टर यांच्यापुढे शून्य सोडून काही असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे घ्या, अपग्रेड नंतर.

विंडोज १० मध्ये अजून एक गंमत आहे, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केलं तरी ते पूर्ण शटडाऊन नसतं, अर्धं हायबरनेट असतं. हार्डवेअर बदलायच्या आधी शिफ्ट दाबून धरून शटडाऊन वर क्लिक करा. मग मागची पॉवर केबल काढा आणि केबल काढलेली असतानाच समोरचं पॉवर बटण दहापंधरा सेकंद दाबून धरा, आत साठलेला करंट निघून जातो. कपडे सिंथेटिक नकोत, आणि पार्टला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावायचा. कोकणातल्या पावसाळ्यात स्टॅटिकचा त्रास कमी, पण विदर्भात थंडीच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तेच स्टॅटिक रॅमला मारतं.

पॉवरचं दुखणं

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी अर्थिंग बघा. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच जोडलेली नसते. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असे जोडलेले असतात की अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११०-११५ व्होल्टच्या आसपास दिसतो. करंट अगदी कमी असतो म्हणून माणसाला फक्त मुंग्या येतात, पण त्याच अवस्थेत टीव्हीला किंवा मॉनिटरला केबल जोडताना पोर्ट जाऊ शकतो. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, नवीन रॅमपेक्षा हा खर्च आधी.

आता एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलेलं असतं, पण त्या आकड्यावर जाऊ नका, स्टिकरवर १२ व्होल्टच्या लाईनला किती अँपिअर दिलेत ते बघा. १२ ने गुणलं की कळतं. १४ अँपिअर असतील तर १६८ वॉट झाले, आणि प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळं याच लाईनवर जगतात. त्यात दहा वर्षांत आतले कपॅसिटर म्हातारे झालेले असतात. म्हणून असं होतं की जुन्या पार्टवर पीसी ठणठणीत चालतो आणि नवीन कार्ड लावलं की गेम चालू करताच फटकन रीस्टार्ट. पार्ट चांगलाच असतो, वीज कमी पडते.

मल्टीमीटर असेल तर पीसी चालू असताना, थोडं काम करत असताना मोजा, पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ ची लाईन ११.४ च्या खाली गेली तर एसएमपीएस बदला. रिकामा एसएमपीएस मोजून काही कळत नाही, लोड नसताना सगळेच बरोबर दाखवतात. हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडून पंखा फिरतो का बघतात ना, त्यातून फक्त एवढंच कळतं की तो पूर्ण मेलेला नाहीये. आणि एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही म्हणजे नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो, त्याने जीव जाऊ शकतो.

यूपीएस पण याच गटातला. घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो, त्याची खरी ताकद बऱ्याच मॉडेलमध्ये ३६० वॉटच्या आसपास असते आणि आतली ७ एएचची बॅटरी दोनतीन वर्षांत थकते. लाईट गेली की नुसतं ब्राउझर चालू असताना पीसी टिकतो पण ग्राफिक कार्ड जोरात चालू असताना लगेच बंद, असं व्हायला लागलं तर कार्डाला दोष देऊ नका, एकदा पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा.

रॅम लावली आणि डिस्प्ले गेला

सगळ्यात जास्त वेळा हेच होतं म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी थांबा. नवीन रॅम लावल्यावर पहिल्यांदा काही बोर्ड एकदोनदा आपोआप बंद होऊन परत चालू होतात, रॅमचं टायमिंग जुळवत असतात, मिनिटभर वाट बघा, घाबरून लगेच स्विच बंद करू नका. मिनिटभरानंतर पण काळंच असेल तर पीसी बंद करून केबल काढून रॅम परत बसवा. दोन्ही बाजूंना खट्ट असा आवाज यायला हवा, दहातल्या चार केस इथेच मिटतात असं मी म्हणेन, कारण नवीन रॅम लावताना जुन्या बोर्डाचा स्लॉट घट्ट वाटतो आणि मोडेल या भीतीने आपण अर्धवट दाबतो. काही बोर्डांवर एका बाजूलाच खटका असतो, तिथे दुसरी बाजू नीट गेली का ते खाली वाकून बघा.

मग ते आपलं खोडरबर. जुनी रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या मऊ खोडरबराने हळू पुसायच्या, बोर्डापासून लांब, म्हणजे रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडणार नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर कापसाने पुसून वाळू द्यायचं. शाईचं खरखरीत रबर वापरू नका, मुलामा निघतो. स्लॉटमध्ये स्वच्छ कोरड्या रंगाच्या ब्रशने धूळ काढा, तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. समुद्राजवळच्या गावांत तर खारी दमट हवा या पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या आतल्या पिनांवर थर आणते, तिथे दर पावसाळ्यानंतर हे करावंच लागतं.

तरी नाही? आता एक एक करून. नवीन रॅम सगळी काढा, फक्त जुनी पट्टी (म्हणजे अख्खी रॅम) तिच्या जुन्या जागी, चालू होतोय का. होतोय तर बोर्ड आणि बाकी सगळं ठीक आहे. मग फक्त नवीन पट्टी त्याच जागी. मग नवीन पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार वेळा चालू-बंद करायचा कंटाळा येतो पण याने नक्की कळतं की दोष पट्टीत आहे का स्लॉटमध्ये. नवी पट्टी एकटी चालते, जुनी एकटी चालते, पण दोघी मिळून चालत नाहीत, असं असेल तर बायोसमध्ये रॅमचा स्पीड हाताने कमी करून १३३३ करा, बऱ्याचदा नांदतात मग. आणि कुठलीही पट्टी एका ठराविक स्लॉटमध्ये चालतच नाही असं दिसलं तर स्लॉट मेला असं लगेच समजू नका, प्रोसेसर खालच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकली असेल किंवा कूलर एका बाजूला जास्त दाबला गेला असेल तरी एक चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधला एक रस्ता) गायब होतो. नुकताच कूलर काढून लावला असेल तर आधी तो नीट बसवून बघा.

आता मालाबद्दल. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते त्यामुळे चुकीची बसतच नाही, जोर लावू नका. डीडीआर३एल म्हणजे १.३५ व्होल्टची रॅम, ती १.५ व्होल्टवर पण चालते. १६०० ची रॅम आय३ २१०० बरोबर लावली तर ती १३३३ वरच चालेल, तो फॉल्ट नाही, त्या पिढीच्या प्रोसेसरची मर्यादा आहे. पण ऑनलाईन फार स्वस्तात मिळणारी एक डीडीआर३ रॅम असते, तिच्या वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरात फक्त एएमडी साठी असं लिहिलेलं असतं, ती इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. तशीच सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम, ती पण घरच्या बोर्डावर चालत नाही. माझ्या मावसभावाने अशीच स्वस्त मिळाली म्हणून दोन पट्ट्या घेतल्या होत्या, परत करायची मुदत संपल्यावर लावल्या, दोन्ही वाया गेल्या. सामान आलं की लगेच लावून तपासा, कपाटात ठेवू नका.

एच६१ बोर्डावर जास्तीत जास्त १६ जीबी, दोन स्लॉटमध्ये ८-८. त्याहून मोठी पट्टी घेऊ नका.

रॅम दिसते पण वापरता येत नाही ही अजून एक तक्रार. ८ जीबी लावली आणि विंडोज म्हणतं ३ च्या आसपास वापरण्याजोगी, तर बहुतेक तुमचं विंडोज ३२ बिट आहे, त्याची मर्यादाच ४ जीबी. ६४ बिट नव्याने टाकावं लागेल, वरून अपग्रेड होत नाही, पण तीच एडिशन टाकली तर लायसन्स तेच चालतं. ६४ बिट असूनही कमी दिसत असेल तर एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजमधलंच बूटच्या सेटिंगचं टूल) बूट, मग ॲडव्हान्स्डमध्ये मॅक्झिमम मेमरीवर टिक आहे का बघा, कुणीतरी कधीतरी स्पीड वाढेल म्हणून ती लावून ठेवलेली असते. सगळं ठीक झाल्यावर रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राईव्हवरून लावून झोपा, सकाळी एक जरी एरर दिसला तरी ती रॅम परत करा. एक एरर पण चालत नाही, कारण त्या एका एररने महिन्याभराने तुमची फाईल खराब होते आणि कळत पण नाही कशामुळे.

बीप बद्दल दोन शब्द, बऱ्याच बोर्डांवर स्पीकर नसतोच, चार पिनवर लावायचा तो छोटासा बझर दुकानात अगदी किरकोळ पैशात मिळतो, घेऊन ठेवा. पुन्हा पुन्हा लांब बीप बहुतेक रॅमचं, एक लांब दोन छोटे बहुतेक डिस्प्लेचं, पण कंपनीगणिक बदलतं, तुमच्या बोर्डाचं मॅन्युअल बघा.

बॅटरी, बायोस आणि ती निळी स्क्रीन

ही गोष्ट माझ्या घरी घडलेली आहे आणि ही एक गोष्ट जरी तुम्ही लक्षात ठेवलीत तरी हे सगळं लिहिल्याचं सार्थक झालं. रॅम टाकताना पीसी अर्धा तास बिनविजेचा होता. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी तेव्हा नऊ वर्षांची, संपलेली. रॅम नीट लागली, डिस्प्ले आला, विंडोजचा लोगो आला आणि निळी स्क्रीन, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस, रीस्टार्ट, परत तेच. जवळच्या एका दुकानात नेला तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. त्यात मुलांचे लहानपणचे फोटो होते, मी घरी परत घेऊन आलो, आणि दोन रात्री शोधल्यावर कळलं की बॅटरी मेल्यामुळे बायोस मूळ सेटिंगवर गेला होता आणि साटा मोड एएचसीआय (नवी पद्धत) चा आयडीई (जुनी पद्धत) झाला होता. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं त्याच मोडमध्ये ते बूट होतं. परत एएचसीआय केलं, सेव्ह केलं, विंडोज उघडलं, एकही फाईल गेली नव्हती. म्हणून वर म्हटलं की साटा मोडचा फोटो काढून ठेवा. आणि नवीन पार्ट लावल्यावर निळी स्क्रीन आली म्हणून कुणी फॉरमॅट म्हणालं तर आधी बायोस उघडून हे बघा.

बॅटरी तर अपग्रेडच्या दिवशी बदलूनच टाका, नवीन ३ व्होल्टची असते, मीटरवर २.७-२.८ च्या खाली दिसली तर गेली. घड्याळ मागे जाणं हे तिचं पहिलं लक्षण. तारीख चुकली की ब्राउझरमध्ये सगळ्या साईट सुरक्षित नाहीत म्हणून ओरडायला लागतात, लोकांना वाटतं नेट गेलं किंवा व्हायरस आला.

समजा तुमचं विंडोज मुळातच आयडीई मोडमध्ये टाकलेलं आहे आणि आता एसएसडी साठी एएचसीआय करायचंय, तर एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट टिक करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जाऊन मोड बदला, सेफ मोडमध्ये विंडोज उघडेल, ड्रायव्हर आपोआप लागतो, मग सेफ बूटची टिक काढून परत रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्ड आठवतोय ना ते आधी बघून घ्या.

एसएसडी

जुन्या पीसीला एकच काहीतरी करायचं असेल तर हे करा, बाकी सगळं नंतर. अडीच इंची साटा एसएसडी घ्यायची. एनव्हीएमई (एसएसडीचाच नवा, वेगळ्या जोडणीचा प्रकार) स्वस्त दिसते म्हणून ॲडॉप्टर कार्डवर लावायचा मोह होतो, विंडोजमध्ये ती दिसेल पण, पण इतक्या जुन्या बोर्डाचा बायोस तिच्यावरून बूट करत नाही, बायोसमध्ये खटपटी करून करतात लोक, घरच्या कामाच्या पीसीवर मी तो धोका घेणार नाही.

एच६१ ला साटा ३ गिगाबिटचाच आहे, त्यामुळे खोक्यावर ५५० एमबी लिहिलेली एसएसडी टेस्टमध्ये २६०-२८० दाखवते. एसएसडी खराब नाही. मजा वेगळीकडे आहे, हार्डडिस्कला छोट्या छोट्या हजार फाईल शोधायला डोकं हलवावं लागतं, एसएसडीला नाही, म्हणून पीसी दोन-तीन मिनिटांऐवजी वीस-पंचवीस सेकंदात उघडतो.

नवीन एसएसडी माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही हा फोन मला सगळ्यात जास्त येतो. ती कोरी असते, डिस्क मॅनेजमेंट उघडून इनिशिअलाइज करा, पार्टिशन करा, मग दिसेल. बायोसमध्येच दिसत नसेल तर केबल. जुन्या साटा केबलला क्लिप नसते, ढिली होते, आणि दुसरा पोर्ट पण वापरून बघा. केबल खराब असली की क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये सीआरसी एरर काउंट वाढत जातो, तो आकडा कमी होत नाही पण केबल बदलल्यावर वाढायचा थांबला की समजायचं रोग केबलचाच होता. एसएमपीएसला साटा पॉवरची पिन कमी असेल तर कन्व्हर्टर घेताना ते एकसंध प्लॅस्टिक ओतून बनवलेलं घेऊ नका, आत वायरी एकमेकीला चिकटून जळाल्याची उदाहरणं आहेत, ज्याच्यात वायरी वेगवेगळ्या खाचेत दाबून बसवलेल्या दिसतात ते घ्या.

नवीन विंडोज टाकताना जुनी हार्डडिस्क काढून ठेवा. नाहीतर बूटचा भाग जुन्या डिस्कवर जाऊन बसतो, आणि पुढे ती डिस्क मेली की चांगल्या एसएसडीवरचं विंडोज पण उघडत नाही. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करत असाल (क्लोनझिला फुकट आहे, दिसायला रुक्ष पण भरवशाचं) तर क्लोन झाल्यावर पहिल्यांदा फक्त एसएसडी लावून बूट करा, दोन्हींची सही (विंडोज डिस्क ओळखतं तो नंबर) सारखी असते त्यामुळे दोन्ही एकदम लावल्या की विंडोज एकीला ऑफलाईन करून टाकतं.

प्रोसेसर

याच सॉकेटमधला तगडा प्रोसेसर सेकंडहँड घेणं हा चांगला सौदा आहे, मुंबईला लॅमिंग्टन रोडवर असे प्रोसेसर काढून विकणारे भेटतात. पण आय३ २१०० च्या काळातल्या एच६१ वर तिसऱ्या पिढीचा आय५ ३४७० लावायचा तर बायोस अपडेट करावा लागू शकतो, आणि तो जुना प्रोसेसर लावलेला असतानाच करायचा. नवीन लावून स्क्रीन काळी झाल्यावर लक्षात आलं तर परत सगळं उलटं करावं लागतं. बोर्ड कंपनीच्या साईटवर तुमच्याच मॉडेलची, बोर्डावर छापलेल्या रिव्हिजनसकट प्रोसेसरची यादी आणि त्यापुढे लागणारं बायोस व्हर्जन दिलेलं असतं. काही बोर्डांना मधलं एक व्हर्जन टाकूनच पुढे जावं लागतं, सूचना पूर्ण वाचा. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड दगड होतो, म्हणून चालू स्थितीतल्या यूपीएसवर, आणि गावात सोमवार-शुक्रवार काही ठरलेला लाईट जायचा दिवस असेल तर तो टाळून.

या सॉकेटच्या पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, केसासारख्या. प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, सरकवायचा नाही. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी पेस्ट सिमेंटसारखी झालेली असते, कूलर ओढू नका, पीसी दहा मिनिटं चालवून कोमट करा, बंद करा, मग हळू पिळत काढा. नवीन पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरते. इंटेलच्या कूलरच्या त्या चार काळ्या खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या जोडीने दाबायच्या आणि बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही पूर्ण बाहेर आल्यात का ते बघायचं. एक जरी अर्धी राहिली तर पीसी चालू होतो, विंडोज येतं, आणि पाच मिनिटांत तापून बंद. कोअर टेम्पमध्ये (प्रोसेसरचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसता बसलेला असताना ३५ ते ५० अंश आणि कामाला लावल्यावर ७०-७५ पर्यंत ठीक, मे महिन्यात दुपारी थोडं वर धरा. ९० च्या पुढे जात असेल तर खुंटी नाहीतर पेस्ट.

ग्राफिक कार्ड

केबल कुठे लावली आहे ते बघा. बोर्डाच्या मागच्या पोर्टला लावलेली राहते आणि कार्ड मेलं म्हणून आपण काळजी करत बसतो. जुना मॉनिटर व्हीजीए असेल आणि कार्डाला व्हीजीए नसेल तर साधा चारपैशाचा डीव्हीआय कन्व्हर्टर चालत नाही, नवीन कार्डांच्या डीव्हीआयमधून ॲनालॉग सिग्नल येतच नाही, आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो.

जुन्या एसएमपीएसवर असाल तर ज्याला वेगळी पॉवर पिन लागत नाही तेच कार्ड. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. जीटी १०३० ला ३० वॉट लागतात, जीटीएक्स ७५० टीआय ला ६०. जीटी १०३० घेताना जीडीडीआर५ वाली घ्या, त्याच नावाने डीडीआर४ वाली पण विकतात, ती बरीच हळू आहे आणि खोक्यावरून पटकन कळत नाही.

सगळं बरोबर लावून पण डिस्प्ले नाही, तर बोर्डाच्या पोर्टला केबल लावून बायोसमध्ये जा आणि पहिला डिस्प्ले पीईजी किंवा पीसीआय एक्सप्रेस (म्हणजे ग्राफिक कार्डाचा स्लॉट) असा करा. काही नवीन कार्डांना यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) लागतं, खूप जुन्या साध्या बायोसवर ती चित्रच देत नाहीत, तिथे बायोस अपडेट नाहीतर कार्ड बदलून घेणं एवढंच हातात आहे. म्हणून दुकानात आधीच बोलून ठेवा की नाही चाललं तर बदलून द्याल ना.

खर्च करायचा का नाही

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरच्या वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं लागतं, त्यामुळे आय५ ३४७० त्यात बसत नाही, जुगाड करून टाकतात पण पुढच्या अपडेटला काय होईल त्याचा भरवसा मी देत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे, या वयाच्या पीसीवर एसएसडी आणि रॅम जरूर टाका, बरा एसएमपीएस घ्या कारण एसएसडी आणि एसएमपीएस पुढच्या पीसीलाही लागतात, प्रोसेसर अगदी स्वस्त मिळाला तरच, आणि महागडं ग्राफिक कार्ड नको. घरात ब्राउझर, व्हिडिओ, पत्र टाईप करणं एवढंच असेल तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम) पेन ड्राईव्हवरून न टाकता चालवून बघा, प्रिंटर आणि मराठी टायपिंग चालतंय का ते तिथेच तपासता येतं. टॅलीसारखं काही असेल तर विंडोज लागेलच.

काढलेली जुनी रॅम आणि हार्डडिस्क महिनाभर तरी विकू नका. रॅम कागदी पाकिटात तारीख लिहून, हार्डडिस्कवर चिकटपट्टी लावून त्यावर काय आहे ते लिहून, कपाटात कोरड्या जागी ठेवा. आमची ती ४ जीबीची जुनी पट्टी अजून आहे, शेजारी कुणाचा पीसी बोंबलला की तपासायला तीच घेऊन जातो.